खडा तसाच ठेवून नळी का घातली? तुंबलेल्या किडनीचा निचरा, सोप्या भाषेत

बार्शीजवळच्या गावातून माझ्या मामांना मुतखड्यासाठी सोलापुरात नेलं. पाच दिवसांनी ते घरी आले तेव्हा खडा होता तिथेच होता. पाठीतून मात्र एक बारीक नळी बाहेर आली होती आणि नळीच्या टोकाला लघवीची पिशवी लटकत होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाने ओट्यावर टेकायच्या आत विचारलं, "खडा काढायला गेला होता ना? मग डॉक्टरांनी केलं काय?" मामी गप्प. मलाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत डॉक्टरांचं डोकं खाऊन आणि मिळेल ते वाचून जे कळलं, ते इथे मांडतो आहे.

आधी उत्तरच सांगून टाकतो. खडा महिनाभर थांबला असता. त्याच्यामागे तुंबलेली लघवी सकाळपर्यंत थांबणार नव्हती. त्या रात्री डॉक्टरांनी तुंबारा मोकळा केला, आणि मामा ओट्यावर बसून चहा पीत होते ते त्यामुळे.

आपल्या पोटातली नळयोजना

शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं पुन्हा रक्तात परत घेतलं जातं आणि उरतं ते दीड-दोन लिटर, म्हणजे आपली लघवी. किडनीच्या आत ती आधी छोट्या छोट्या कपांत जमते, कप एका नरसाळ्यात रिकामे होतात आणि नरसाळ्याच्या शेपटातून एक नळी खाली मूत्राशयापर्यंत जाते. ही मूत्रवाहिनी. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर आणि आतली जागा जेमतेम ३-४ मिलिमीटर.

इथे नुसत्या उतारावर काम चालत नाही. आपण आडवे झोपून पाणी प्यायलो तरी घोट जसा घशातून पुढे सरकतो, तशी ही नळी आकसत-सैलावत लघवी पुढे ढकलते. खडा अडकल्यावर जी जीवघेणी कळ येते, ती नळी त्या खड्याशी कुस्ती खेळत असते आणि वरती लघवीचा दाब वाढत असतो, त्याची. नळीत तीन ठिकाणी जागा मुळातच चिंचोळी असते. मूत्राशयात शिरतानाची जागा सगळ्यात अरुंद, आणि बरेच खडे तिथवर येऊन अडतात. मामांचाही तिथेच होता, ९ मिलिमीटरचा.

सगळे तुंबारे खड्यांमुळेच होतात असं नाही. काही मुलांत नरसाळ्याचं तोंड जन्मतःच अरुंद असतं. मूत्रवाहिनीचा क्षयरोग बरा होताना नळी आकसते. गर्भाशयमुखाचा कर्करोग पसरला की दोन्ही नळ्या बाहेरून आवळल्या जातात. पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी तर मूत्राशयाचं दारच अडवते.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'हायड्रोनेफ्रोसिस' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ इतकाच की लघवी साठून किडनी आतून फुगली आहे. पुढे मी 'फुगलेली किडनी' असंच म्हणेन. ती थोडी फुगलेली असली म्हणून लगेच धावपळ करायची नसते. गरोदर बायकांत उजवी किडनी थोडी फुगलेली दिसणं तर अगदी नेहमीचं आहे.

काठोकाठ भरलेला कप आणि गाळणी

चहा गाळताना कप काठोकाठ भरला आणि गाळणीचं बूड चहात बुडालं, की वरून कितीही ओता, गाळणं थांबतं. किडनीचं तसंच होतं. रक्ताच्या बाजूचा दाब जास्त आणि लघवीच्या बाजूचा कमी, या फरकावर सगळं गाळणं चालतं. खाली नळी बंद झाली की लघवीच्या बाजूचा दाब चढत जातो, फरक मिटत जातो आणि गाळणी मंदावते.

दुसरी किडनी चांगली असेल तर ती सगळा भार उचलते. रक्त तपासलं तरी क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) फारसं वाढलेलं दिसत नाही, आणि माणूस निर्धास्त राहतो. खरी पंचाईत होते ती एकच किडनी असलेल्यांची किंवा दोन्ही बाजू एकदम तुंबलेल्यांची. त्यांची लघवी जवळपास बंदच होते.

तुंबारा किती दिवस टिकला यावरही पुष्कळ काही ठरतं. जुन्या काळी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की पूर्ण बंद झालेली नळी आठवड्याच्या आत मोकळी केली तर किडनी जवळपास पहिल्यासारखी होते. चार आठवडे गेले तर थोडंच काम परत मिळतं, सहा-आठ आठवड्यांनंतर काहीच हाती लागत नाही. माणसाचं वेळापत्रक हुबेहूब असंच असेल असं नाही, पण दिशा तीच. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरून चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पूर्ण तुंबलेली किडनी काही दिवसांनी दुखायची थांबूही शकते, कारण तिने लघवी करणंच कमी केलेलं असतं.

ताप चढला की गोष्ट बदलते

साचलेल्या पाण्यात काय होतं ते सांगायला नको. तुंबलेल्या लघवीत जंतू शिरले की थोड्याच वेळात तिचा पू होतो. आतला दाब इतका असतो की हे जंतू आणि त्यांचं विष रक्तात ढकललं जातं. थंडी वाजून ताप, मग रक्तदाब उतरणं, बडबडणं, गुंगी. मामांचं असंच झालं. तीन दिवस दुखणं अंगावर काढलं आणि चौथ्या रात्री दोन गोधड्या पांघरूनही दात वाजत होते.

इथे हमखास विचारलं जातं, की ताप आहे तर भारीतलं अँटिबायोटिक द्या, नळी कशाला? गोम अशी, की अँटिबायोटिक लघवीत पोहोचतं ते त्याच गाळणीतून. गाळणीच थांबलेली असेल तर पुवापर्यंत औषध पुरेसं जाणार कुठून? मोरी तुंबलेली असताना वरून फिनेल ओतत राहण्यासारखं ते आहे. औषध लागतंच, पण निचरा झाल्याशिवाय ते एकट्याने निभावत नाही.

अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रवाहिनीत खडा आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला, असेच रुग्ण त्यात घेतले होते. ज्यांचा निचरा केला नव्हता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण शंभरात सुमारे १९, आणि ज्यांचा केला त्यांच्यात सुमारे ९. हे आकडे जुन्या नोंदी चाळून काढलेले आहेत, तेव्हा प्रत्येक दशांशावर भांडण्यात अर्थ नाही. पण फरक दुपटीहून मोठा आहे.

"भरपूर पाणी पी, पडेल आपोआप"

हा सल्ला पूर्ण चुकीचा नाही, म्हणूनच तो घातक ठरतो. ४-५ मिलिमीटरपर्यंतचे बरेच खडे खरोखर आपोआप पडतात, आणि रोज भरपूर पाणी पिणाऱ्याला नवे खडे कमी होतात. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, आणि गावातल्या तरुण पोरांचा लाडका उपाय म्हणजे बिअर, या सगळ्यांची ख्याती याच आपोआप पडणाऱ्या खड्यांवर उभी आहे. पडणारा खडा कशानेही पडतो आणि नाव कढणाचं होतं.

पण नळी बंद आहे, वर लघवी तुंबली आहे, ताप आहे, अशा वेळी माणसाला तांब्यावर तांब्या पाणी पाजणं म्हणजे बोळा बसलेल्या मोरीत वरून बादल्या ओतणं. मामींनी तीन दिवस कढण दिलं होतं. त्यांचा काय दोष? शेजारच्या घरातला खडा त्याच कढणाने पडला होता ना!

खड्याच्या दुखण्याबरोबर थंडी-ताप आला, लघवी अगदी कमी किंवा बंद झाली, किंवा रुग्णाला किडनीच एक आहे, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच गाडी काढायची.

निचऱ्याच्या दोन वाटा

पूर्वी यासाठी पोट किंवा पाठ चांगली वीतभर उघडावी लागे. आता दोन वाटा आहेत आणि दोन्हींत मोठा छेद नाही. एक पाठीतून थेट किडनीत. दुसरी खालून, लघवीच्याच वाटेने वर. पहिलीला दवाखान्यात 'पीसीएन' म्हणतात, दुसरीला 'डीजे स्टेंट'. घरोघरी मात्र दोन्हींचं नाव एकच, 'नळी टाकली'. त्यामुळे फोनवर "नळी टाकली" असं कळलं, की कुठून टाकली हे आधी विचारावं.

पाठीतून: पीसीएन

मामा या वेळी जागे होते, म्हणून हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. त्यांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. डॉक्टरांनी पाठीला गार जेल लावून सोनोग्राफीचा तोच ओळखीचा दांडा फिरवला. मग बरगडीखाली, थोडं बाहेरच्या बाजूला, भुलेचं इंजेक्शन दिलं. "मुंगी डसल्यागत झालं. मग कुणीतरी अंगठा रोवून दाबत होतं. श्वास धरा म्हणाले, धरला. सोडा म्हणाले, सोडला." श्वासाबरोबर किडनी वरखाली होते, म्हणून ही कवायत.

पडद्यावर बघत एक लांब सुई किडनीच्या खालच्या भागातल्या, पाठीकडे तोंड असलेल्या एखाद्या कपात घालतात. आतली दांडी काढली की लघवी थेंबथेंब बाहेर येते आणि जागा बरोबर असल्याचं कळतं. सुईतून एक लवचीक तार आत सोडतात आणि सुई काढून घेतात. त्या तारेवरून वाट थोडी थोडी रुंद करत नळी सरकवतात आणि शेवटी तार काढतात. नळीचं आतलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं, म्हणून ती सहज निसटत नाही. रुग्ण स्थिर असेल तर हे सगळं बहुधा अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. शार्रिएर नावाच्या पॅरिसमधल्या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराचं ते माप आहे: १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मामांची नळी ८ फ्रेंचची होती, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्याही आत. बॉलपेनची रिफील डोळ्यासमोर आणा. गावात तोवर "पाठीला भोक पाडलंय" अशी आवई उठली होती, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते भोक नाण्याएवढं असायचं.

ही युक्ती सुचली त्याची कथा मोठी गमतीची आहे. लॉस एंजेलिसचे डॉ. विलार्ड गुडविन एका रुग्णाच्या किडनीच्या रक्तवाहिनीत सुई घालायचा प्रयत्न करत होते. सुई चुकली आणि फुगलेल्या किडनीच्या पोटात गेली. चुकून लागलेल्या या वाटेचा त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९५५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगलेल्या किडन्यांचा असा निचरा केलेले रुग्ण जगापुढे मांडले. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५३ मध्ये, स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, मग तार, मग तारेवरून नळी ही पद्धत रक्तवाहिन्यांसाठी मांडली होती. आज पीसीएनच्या वेळी वापरतात ती हीच. हृदयाची अँजिओग्राफीही याच युक्तीवर चालते.

सुई बरोबर कुठून घालायची, याचं श्रेय तर एका चित्रकाराला जातं. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीय चित्रं काढणारे जर्मन वंशाचे मॅक्स ब्रोडेल किडनीच्या रक्तवाहिन्या रेखाटत होते. किडनीच्या पुढच्या आणि मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या फांद्या जिथे संपतात, तिथे मोठ्या वाहिन्या नसलेला एक पट्टा आहे हे त्यांना दिसलं, आणि १९०१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. दोन शेतांच्या मधला बांधच म्हणा ना. बांधावरून गेलं की पिकाची नासाडी कमी. सुई आजही त्याच बेताने जाते.

खालून: डीजे स्टेंट

डीजे म्हटल्यावर आपल्याकडे गणपतीची मिरवणूक आठवते. या डीजेचा त्याच्याशी काही संबंध नाही. नळीची दोन्ही टोकं इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली, म्हणून 'डबल जे'. आधीच्या सरळ नळ्या एक तर वर सरकायच्या किंवा घसरून खाली यायच्या. १९७८ मध्ये अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना वळण असलेली नळी मांडली. वरचं वळण नरसाळ्यात अडकतं, खालचं मूत्राशयात, आणि नळी जागेवर राहते.

घालताना भूल देतात, बहुतेकदा कंबरेखालची. लघवीच्या वाटेने दुर्बीण मूत्राशयात जाते, मूत्रवाहिनीचं भोक शोधून आधी तार खड्याच्या कडेने वर चढवतात आणि तारेवरून नळी. मोठ्या माणसांत नळी साधारण ६ फ्रेंचची, म्हणजे २ मिलिमीटरची. लघवी तिच्या पोटातून तर उतरतेच, शिवाय तिच्या बाजूनेही झिरपते. बाहेर काही दिसत नाही, पिशवी नाही.

हे सगळं छानच वाटतं. पण ज्यांना स्टेंट घातला त्यांना विचारा. अंदाजे पाचातल्या चौघांना काही ना काही त्रास होतो: सारखी लघवीची भावना, लघवीत रक्ताची झाक, ओटीपोटात टोचणं, आणि लघवी करताना पाठीत येणारी कळ. ही कळ येते कारण नळीमुळे वरखाली सताड उघडं झालेलं असतं आणि जोर लावला की थोडी लघवी उलटी वर जाते. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो. "स्टेंट बिघडला" म्हणून घाबरून जाण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. फक्त ताप आला तर फोनवर भागवू नये, थेट जावं.

दोन्हींत सरस कोणती?

प्रामाणिक उत्तर: तुंबारा मोकळा करण्याच्या कामात दोन्ही तोडीस तोड. १९९८ मध्ये अमेरिकेत एक छोटा पण नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खडा आणि जंतुसंसर्ग दोन्ही असलेल्या ४२ रुग्णांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून पाठीतून नळी दिली आणि बाकीच्यांना खालून. ताप उतरण्यात किंवा रक्त सुधारण्यात फरक दिसला नाही. युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही दोन्ही वाटा सारख्याच मानतात.

मग ठरतं कशावर? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत किंवा प्लेटलेट फार कमी आहेत, तर पाठीतून सुई घालणं जोखमीचं, खालची वाट बरी. रुग्ण इतका अत्यवस्थ आहे की भूल सोसणार नाही, तर पाठीतून, कारण तिथे जागेवरच्या भुलेवर काम होतं. पू दाट आहे तर पाठीतली नळी रुंद असते, बाहेरून धुता येते आणि पिशवीत किती आलं ते मोजता येतं. कर्करोगाची गाठ नळीला बाहेरून आवळत असेल तर आतला स्टेंट चेपला जाण्याची भीती. आणि शेवटचं कारण पुस्तकात नसतं, पण तालुक्याच्या गावी तेच निर्णायक ठरतं: रात्री दोन वाजता कोणता डॉक्टर आणि कोणतं यंत्र हाताशी आहे. मामांच्या वेळी पाठीतून नळी घालणारे डॉक्टर अर्ध्या तासात पोहोचू शकत होते, एवढंच.

मग खडाही त्याच वेळी का नाही काढला?

ओट्यावरचा मूळ प्रश्न हाच. किडनीपर्यंत पोहोचलाच आहात, तर खडाही फोडून टाका की!

खडा फोडायचा तर आत सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर काही दिसत नाही. त्या पाण्याचा दाब आधीच पुवाने भरलेल्या किडनीवर पडतो आणि जंतू रक्तात घुसतात. ऑपरेशन टेबलावरच रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून पीसीएन करतानाही अशा किडनीत एक्स-रेत दिसणारं तपासणीचं औषध जपून, अगदी थोडंसं सोडतात आणि आधी आतली लघवी जाऊ देतात. घराला आग लागलेली असताना रंगाऱ्याला बोलवत नाहीत. आधी विझवायची. औषधांनी संसर्ग आटोक्यात आला, की खड्याकडे वळायचं. मामांचा खडा तीन आठवड्यांनी लेसरने फोडला.

नावांचा एक घोळ इथेच निस्तरू. पीसीएन वेगळं आणि 'पीसीएनएल' वेगळं. दुसऱ्यात पाठीतूनच, पण बरीच रुंद वाट करतात, जुन्या पद्धतीत ३० फ्रेंचपर्यंत म्हणजे सेंटिमीटरभर, आणि त्यातून दुर्बीण घालून किडनीतला मोठा खडा फोडून बाहेर काढतात. एका अक्षराचा फरक आहे, पण बिलात आणि योजनेच्या कागदात तो मोठा पडतो. सरकारी योजनेत उपचार असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन्ही टप्प्यांबद्दल सुरुवातीलाच विचारून ठेवावं.

किडनीत सुई घातली तर ती निकामी होणार नाही?

किडनीत लाखो गाळण्या असतात. रिफीलएवढ्या वाटेने त्यातल्या फार थोड्या जातात, आणि तुंबाऱ्याने सगळ्याच जाऊ शकतात. नळी काढल्यावर ही वाट आपोआप मिटते.

धोके नाहीत असं मात्र कुणी सांगू नये. रक्त चढवावं लागेल इतका रक्तस्राव शंभरात १ ते ४ जणांना होतो. लघवी एक-दोन दिवस गुलाबी येणं नेहमीचं. गडद लाल, गाठी पडणारी आली तर लगेच कळवायचं. आतडं किंवा फुप्फुसाचं आवरण दुखावण्याचे प्रकार विरळा, हजारात मोजावे इतके. पुवाने भरलेल्या किडनीत नळी घातल्यावर काही तासांत ताप आणखी चढू शकतो, म्हणून ती रात्र रुग्णालयातच काढायची. किडनी चांगली फुगलेली असेल तर नळी योग्य जागी बसण्याचं प्रमाण शंभरात ९५ च्या वर आहे. म्हणजे फुगलेली किडनी हा आजार खरा, पण सुईला निशाणाही तोच मोठा करून देतो.

"त्यापेक्षा डायलिसिस करा" असंही कुणी सुचवतं. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं असेल तर आधी डायलिसिस करावंही लागतं. पण ते रक्त धुतं, नळी उघडत नाही.

दोन्ही बाजू तुंबलेल्यांची आणखी एक गंमत. मोकळं झाल्यावर कधीकधी पाट फुटल्यासारखी लघवी सुरू होते, तासाला २०० मिलिलिटरच्याही वर. घरच्यांना आनंद होतो. नर्स मात्र दर तासाला मापं घेत असते, कारण पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात आणि ते सलाईनमधून मापात भरून द्यावे लागतात.

पिशवीबरोबरचे दिवस

मामांच्या पिशवीत पहिल्या रात्री आलं ते पातळ ताकासारखं गढूळ होतं. तिसऱ्या दिवशी ते पिवळं झालं आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

घरी आल्यावर मामींनी पिशवीसाठी जुन्या लुगड्याची झोळी शिवली आणि ती मामांच्या कमरेला बांधली. त्यात एक चूक होती, ती गावातल्या नर्सताईंनी दाखवली. झोळी फार वर बांधली होती. पिशवी नेहमी किडनीच्या खालच्या पातळीवर हवी, नाहीतर लघवी उतरणार कशी? नळीला पीळ नको, झोपताना ती अंगाखाली नको. पिशवी अर्धी-पाऊण भरली की रिकामी करायची, कारण भरलेल्या पिशवीचं वजन नळी कातडीला शिवलेल्या टाक्यांना ओढतं. लघवी यायची एकदम थांबली तर आधी पीळ बघायचा, आणि तरी थांबलेलीच असेल तर दवाखाना गाठायचा.

सर्वांत जास्त घात होतो तो उठता-बसताना. रिक्षातून उतरताना मामांची नळी दांड्यात अडकली आणि दोन इंच बाहेर आली. ती परत ढकलायची नसते, 'उद्या बघू' म्हणायचं नसतं. त्याच दिवशी जावं लागतं, कारण ही वाट पटकन मिटू लागते आणि मग पुन्हा सुईपासून सुरुवात. मामांचं थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवसापासून नळीला एक ढिला फास देऊन पोटावर चिकटपट्टीने डकवलेला असायचा. हिसका बसला तर तो पट्टीला बसावा, टाक्याला नको.

जिथे खडा नसतो

खडा असेल तर नळीला शेवट असतो. कर्करोगात तसं नसतं, आणि यावर आपल्याकडे फार मोकळेपणाने बोललं जात नाही. आपल्या देशात बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग स्तनांच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. पुढच्या टप्प्यात गाठ दोन्ही मूत्रवाहिन्या आवळते आणि क्रिएटिनिन चढतं. या कर्करोगावरचं नेहमीचं औषध सिस्प्लॅटिन, पण ते किडनीवर ताण आणणारं. किडनी नीट नसेल तर देता येत नाही. अशा बाईला नळी घातली, किडनी सावरली, तर उपचाराचं दार पुन्हा उघडतं. तिथे नळी नक्की घालावी.

पण सगळे उपचार संपलेले असतील तर? नळीने महिने वाढतील, त्याबरोबर दर दोन-तीन महिन्यांनी नळी बदलणं, ताप, फेऱ्या हेही वाढेल. किडनी बंद पडून येणारी गुंगी काही वेळा कर्करोगाच्या वेदनेपेक्षा सौम्य असते. नळी घालणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे म्हणून ती घातलीच पाहिजे असं नाही, हे माझं मत. ते ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि तो शुद्धीत असताना त्याला विचारलं पाहिजे. बाहेरच्या व्हरांड्यात नातेवाइकांनी आपसांत ठरवून टाकू नये.

हृदयातला स्टेंट वेगळा, हा वेगळा

मामांच्या शेजारच्या खाटेवर एक काकू होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांना डीजे स्टेंट घातला होता. दुखणं थांबलं, काकू घरी गेल्या आणि विसरल्या. "आमच्या दिरांच्या हृदयात दहा वर्षं आहे की स्टेंट," असं त्या म्हणायच्या. शब्द एकच असल्याने हा गैरसमज सर्रास आहे. हृदयातला स्टेंट कायमचा. किडनीचा स्टेंट काढायचाच असतो, साधारण तीन महिन्यांत; काही विशेष नळ्या त्याहून जास्त टिकतात, पण तारीख त्यांनाही असते. लघवीतले क्षार त्याच्यावर चढत जातात, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बादलीवर चढतो तसे. गरोदरपणात तर ते इतक्या वेगाने चढतात की नळी महिना-दीड महिन्यातच बदलावी लागते. काकूंच्या नळीच्या दोन्ही टोकांना खडे धरले होते. साध्या पाच मिनिटांच्या कामाच्या जागी त्यांची दोन ऑपरेशनं झाली.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आत कुठली नळी आहे, ती कधी घातली, कधी आणि कुणी काढायची. दुखत नाही म्हणजे नळी नाही, असं धरू नये.

खडा फोडल्यावर मामांनाही पाठीतली नळी काढून काही आठवड्यांसाठी डीजे स्टेंट दिला होता. मामींनी घरातल्या कालनिर्णयवर ती तारीख लाल पेनाने गोल केली, संकष्टीच्या शेजारी. काढताना लघवीच्या वाटेत सुन्न करणारी जेली सोडली, बारीक दुर्बीण घातली, चिमट्याने टोक धरलं आणि ओढलं. मामांनी ती नळी घरी न्यायला मागितली, ओट्यावर दाखवायची होती. नर्सबाईंनी दिली नाही, तो जैविक कचरा असतो म्हणाल्या. पण ट्रेमध्ये धरून दाखवली. पाच आठवड्यांत तिच्या खालच्या वळणावर मिठाचे कण चिकटावेत तसा खरखरीत थर आला होता. मामांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "त्या काकूंचा चार वर्षांत केवढा झाला असेल हो!"